स्वनिर्मित विमानांतील चाकांची मांडणी : टेलव्हील आणि नोजव्हील यांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास प्रामुख्याने पंख, इंजिन आणि वेग यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. विमान जमिनीवर असताना कशावर उभे राहते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः प्रत्येक उड्डाणाचा आरंभ आणि शेवट जमिनीवरच होतो. हवेत निर्दोष उडणारे विमान शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये मोडल्याची उदाहरणे विमानविद्येच्या पहिल्या दशकापासून आजपर्यंत विपुल आहेत.

लहान विमानांत चाकांची मांडणी दोन प्रकारे केली जाते. पहिल्या प्रकारात दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटाखाली असते. ही टेलव्हील मांडणी होय. दुसऱ्या प्रकारात दोन मुख्य चाके किंचित मागे आणि तिसरे चाक नाकाखाली असते. तिला नोजव्हील मांडणी म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांपुरता या दोहोंमधील वाद १९५० च्या दशकात बहुतांशी मिटला आणि नोजव्हील सर्वमान्य झाले. स्वहस्ते विमान बांधणाऱ्या हौशी निर्मात्यांपुढे मात्र हा प्रश्न आजही खुला आहे.

अमेरिकेतील नियमांनुसार, स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी ज्या व्यक्तींनी विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग स्वतः बांधला असेल, त्यांच्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात मान्यता मिळते. अशा विमानाचा निर्माता, मालक आणि वैमानिक बहुधा एकच असतो. कारखान्यात अभियंता ठरवतो आणि परिणाम ग्राहक भोगतो. येथे ठरवणारा आणि भोगणारा वेगळे नाहीत. म्हणूनच या वर्गातील निवडीचा इतिहास यंत्र आणि माणूस यांच्यातील जबाबदारीच्या वाटणीवर विशेष प्रकाश टाकतो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) दोन्ही मांडण्यांतील तांत्रिक फरक स्पष्ट करणे, (२) टेलव्हीलकडून नोजव्हीलकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे तपासणे, (३) स्वनिर्मित विमानांत टेलव्हील का टिकून राहिले याचा शोध घेणे, आणि (४) या इतिहासाच्या आधारे निवडीचे निकष सुचविणे.

१. मूलभूत तांत्रिक फरक

दोन्ही मांडण्यांतील फरक गुरुत्वमध्याच्या जागेवर अवलंबून आहे. टेलव्हील विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नोजव्हील विमानात तो मुख्य चाकांच्या पुढे असतो. एवढ्या एका गोष्टीतून जमिनीवरील वर्तनाचे जवळजवळ सर्व भेद निर्माण होतात.

एखादी काठी पुढच्या टोकाला धरून ओढली तर ती मागोमाग सरळ येते. तीच मागच्या टोकाला धरून ढकलली तर किंचित वाकडी होताच अधिकाधिक वाकडी होत जाते. टेलव्हील विमानाची जमिनीवरील स्थिती या दुसऱ्या काठीसारखी असते. विमान थोडे वळले की मागे असलेले वजन पुढे जाऊ पाहते आणि वळण आणखी वाढते. वैमानिकाने सुकाणू व ब्रेक यांचा वेळीच वापर केला नाही तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. या गिरकीला वैमानिकांच्या भाषेत ग्राउंड लूप म्हणतात. तिच्यात जीवितहानी क्वचितच होते, मात्र पंखाचे टोक घासणे, चाकाचा पाय मोडणे किंवा प्रोपेलर जमिनीवर आदळणे हे नेहमीचे आहे. नोजव्हील विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असल्यामुळे थोडेसे वाकडे उतरलेले विमान आपोआप सरळ होते.

उभ्या दिशेतही असाच भेद आहे. टेलव्हील विमान मुख्य चाकांवर जोरात टेकले की मागचे वजन शेपूट खाली नेते. त्यामुळे पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उसळते. नोजव्हील विमानात नाक खाली येते, कोन कमी होतो आणि विमान जमिनीला चिकटून राहते.

टेलव्हीलचे फायदेही नगण्य नाहीत. शेपटाखालच्या चाकावर भार थोडा येतो, म्हणून ते लहान, हलके आणि हवेला कमी अडथळा करणारे असते. नाक उंच राहिल्यामुळे प्रोपेलर आणि जमीन यांच्यात भरपूर अंतर राहते. खडकाळ, गवताळ किंवा मऊ जमिनीवर खड्ड्यांचा मार मुख्य चाकांच्या मजबूत पायांवर पडतो. याउलट नाकाखालच्या चाकाने विमानाच्या वजनाचा साधारण ८ ते १५ टक्के भाग पेलावा, असा संकल्पनशास्त्रातील प्रचलित दंडक आहे. ब्रेक लावल्यावर हा भार आणखी वाढतो. तो इंजिनाच्या चौकटीपर्यंत पोचत असल्यामुळे तेथे अधिक बळकटी द्यावी लागते.

२. कुरणांचा काळ

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा त्याला चाके नव्हती. ते लाकडी रुळावरून सुटले आणि घसरपट्ट्यांवर उतरले. १९०८ मध्ये ग्लेन कर्टिस यांच्या ‘जून बग’ विमानाला तीन चाके होती आणि त्यांतील एक पुढे होते. इंजिन वैमानिकाच्या मागे असलेल्या त्या काळच्या अमेरिकी विमानांना ही मांडणी सोयीची होती. म्हणजेच नोजव्हील ही नंतरच्या काळाची सुधारणा आणि टेलव्हील हे आद्य रूप, हा सर्वसाधारण समज इतिहासाला धरून नाही. दोन्ही कल्पना जवळपास एकाच वेळी अस्तित्वात होत्या.

युरोपात चित्र वेगळे होते. पॅरिसमध्ये राहणारे ब्राझीलचे अल्बर्टो सांतोस-द्युमों यांचे ‘दमुआझेल’ आणि लुई ब्लेरिओ यांचे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडणारे ‘ब्लेरिओ ११’ या विमानांत इंजिन पुढे आणि तिसरा आधार शेपटाखाली होता. सांतोस-द्युमों यांनी ‘दमुआझेल’चे स्वामित्व हक्क स्वतःकडे ठेवले नाहीत. त्याचे आराखडे १९१० मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झाले. इतरांनी घरी बांधावे म्हणून आराखडे खुले केलेले हे आद्य विमान म्हणता येईल. अशा रीतीने स्वनिर्मित विमानाच्या परंपरेचा आरंभ शेपटावर टेकलेल्या विमानाने झाला.

पहिल्या महायुद्धात इंजिन पुढे आणि शेपटाखाली लाकडी वा धातूचा टेकू ही रचना रूढ झाली. त्या काळी विमानतळ म्हणजे एखादे चौकोनी किंवा गोलाकार कुरण असे. वैमानिक वाऱ्याची दिशा पाहून थेट त्याच्या समोर उतरत असे. बाजूच्या वाऱ्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. मुख्य चाकांना सहसा ब्रेक नसत, गवतात रुतणारा टेकूच ब्रेकचे काम करी. टेलव्हील मांडणीची जी अस्थिरता आज दोष म्हणून सांगितली जाते, ती या परिस्थितीत बऱ्याच अंशी झाकलेली होती. मांडणी आणि मैदान यांचा मेळ जुळलेला होता.

धावपट्ट्यांनी हा मेळ मोडला. फरसबंद धावपट्टीची दिशा ठरलेली असते, वाऱ्याची नसते. विमाने जड आणि वेगवान झाली, धावपट्ट्या पक्क्या झाल्या आणि बाजूचा वारा ही रोजची अडचण बनली. कठीण पृष्ठभागावर टेकू निरुपयोगी ठरला, म्हणून त्याच्या जागी चाक आले. त्या चाकाला टेकूसारखी पकड नव्हती. थोडक्यात, टेलव्हील विमान पूर्वीइतकेच अस्थिर होते. ती अस्थिरता झाकणारे कुरण मात्र नाहीसे झाले.

३. नोजव्हीलचे पुनरागमन

नोजव्हीलच्या पुनरागमनाचे श्रेय फ्रेड वीक या अमेरिकी अभियंत्याला दिले जाते. वीक हे त्या काळच्या राष्ट्रीय विमानविद्या सल्लागार समितीच्या लँग्ली प्रयोगशाळेत काम करीत. सामान्य माणसाला सहज उडविता येईल असे सुरक्षित विमान तयार करण्याच्या उद्देशाने त्यांनी प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांच्या साह्याने फावल्या वेळात डब्ल्यू-१ हे विमान बांधले. १९३४ मध्ये ते उडाले. त्याला नाकाखाली वळणारे चाक होते. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कारखान्यांनी पुढे सर्वत्र स्वीकारलेल्या मांडणीचा हा पाया काही अभियंत्यांनी नोकरीबाहेरच्या वेळात बांधलेल्या विमानाने घातला.

याच सुमारास यूजीन विडाल हे अमेरिकेच्या नागरी विमान विभागाचे प्रमुख होते. मोटारीच्या किमतीत, म्हणजे सुमारे सातशे डॉलरमध्ये, प्रत्येकाला विमान मिळावे अशी त्यांची कल्पना होती. ती किंमत प्रत्यक्षात आली नाही, परंतु सुरक्षिततेचा आग्रह टिकला. वीक यांनी पुढे ‘अर्कूप’ हे विमान रचले. त्याचे पहिले उड्डाण १९३७ मध्ये झाले आणि १९४० मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यात सुकाणूसाठी पायाखालच्या पट्ट्याच नव्हत्या. बाजूच्या वाऱ्यात हे विमान तिरकेच उतरवायचे आणि चाके टेकल्यावर ते आपोआप सरळ होऊ द्यायचे, अशी योजना होती. टेलव्हील विमानात वैमानिकाला जे कौशल्य कमवावे लागत होते, ते वीक यांनी यंत्राच्या रचनेतच बसविले.

मोठ्या विमानांतही बदल झाला. डग्लस कंपनीचे १९३५ मधील डीसी-३ शेपटावर टेकत असे, तर १९३८ मध्ये उडालेल्या डीसी-४ च्या पहिल्या नमुन्याला नोजव्हील होते. जेट इंजिनाने तर पर्यायच ठेवला नाही. जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ चे आरंभीचे नमुने टेलव्हील मांडणीचे होते. धावताना शेपटावरील एलेव्हेटर पंखाच्या आड येई आणि शेपूट वर उचलले जात नसे. १८ जुलै १९४२ रोजी केवळ जेट इंजिनांवर उडताना फ्रिट्झ वेंडेल यांना धावपट्टीवर क्षणभर ब्रेक दाबून शेपूट उचलावे लागले. पुढील नमुन्यांत नोजव्हील आले.

४. कारखान्यांचा निर्णय आणि प्रशिक्षणातील दरी

दुसऱ्या महायुद्धानंतर खाजगी विमानांचा बाजार मोठा होईल अशी अमेरिकी कंपन्यांची अपेक्षा होती. पायपर कंपनीने ‘पेसर’ या टेलव्हील विमानाचे नोजव्हील रूप ‘ट्राय-पेसर’ या नावाने १९५१ मध्ये बाजारात आणले. सेस्ना कंपनीने १७० या टेलव्हील विमानावरून १७२ तयार केले. १९५६ या पहिल्याच पूर्ण वर्षात १७२ ची चौदाशेहून अधिक विमाने तयार झाली. विमान उतरविणे मोटार चालविण्याइतके सोपे झाल्याचा सूर कंपनीच्या जाहिरातींत होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस १५० हे प्रशिक्षण विमान आले आणि नव्या वैमानिकांची संपूर्ण पिढी नोजव्हीलवर घडू लागली.

या बदलाचा एक परिणाम हळूहळू दिसून आला. टेलव्हील उतरविण्याचे कौशल्य पूर्वी प्रत्येक वैमानिकाच्या मूलभूत शिक्षणाचा भाग होते, ते आता विशेष कौशल्य बनले. अमेरिकेच्या नियमांत त्याची नोंद झाली. ज्या वैमानिकाने १५ एप्रिल १९९१ पूर्वी मुख्य वैमानिक म्हणून टेलव्हील विमान उडविलेले नाही, त्याने असे विमान उडविण्यापूर्वी प्रशिक्षण घेऊन प्रशिक्षकाची लेखी संमती मिळविणे बंधनकारक झाले. विमा कंपन्याही टेलव्हीलच्या अनुभवाच्या तासांची स्वतंत्र चौकशी करू लागल्या. टेलव्हील विमान पूर्वी होते तसेच राहिले, वैमानिक मात्र बदलला. त्यामुळे तेच विमान अधिक धोकादायक ठरू लागले.

५. हौशी चळवळ : टेलव्हीलचा आश्रय

स्वनिर्मित विमानांची परंपरा या स्थित्यंतराच्या समांतर चालू होती. मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपॉल यांनी १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर ‘एअर कँपर’ उडविले. त्याचे आराखडे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते विमान आजही बांधले जाते. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये उडविलेल्या ‘पू-द्यु-सिएल’ने हजारो सामान्य लोकांना विमानबांधणीचे वेड लावले. युद्धानंतर तेथेच जोली आणि देलेमोंतेझ यांनी ‘जोडेल डी-९’ हे छोटे लाकडी विमान तयार केले. ही सर्व विमाने शेपटावर टेकणारी होती.

अमेरिकेत २६ जानेवारी १९५३ रोजी पॉल पोबेरेझनी यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिन राज्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना झाली. १९५५ मध्ये पोबेरेझनी यांनी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकातून ‘बेबी एस’ या एका आसनाच्या विमानाची बांधणी समजावून दिली आणि चळवळीला मोठा वाचकवर्ग मिळाला. तेही टेलव्हीलच होते. जॉन थॉर्प यांचे १९६४ मधील टी-१८ हे धातूचे विमानही याच मांडणीचे होते.

कारखाने नोजव्हीलकडे वळत असताना हौशी निर्माते टेलव्हीलवर का राहिले? याला तीन कारणे संभवतात. पहिले कारण बांधणीचे आहे. घराच्या गॅरेजमध्ये, मर्यादित अवजारांनी काम करणाऱ्याला नाकाखालचा मजबूत पाय, तो वळविण्याची किंवा मोकळा फिरू देण्याची योजना आणि इंजिनाच्या चौकटीची अतिरिक्त बळकटी यांपेक्षा शेपटाखालचे छोटे चाक किती तरी सोपे होते. दुसरे कारण इंजिनाचे आहे. कमी शक्तीच्या इंजिनाला प्रत्येक किलो वजन आणि हवेचा प्रत्येक अडथळा जाणवतो. तिसरे कारण पिढीचे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील निर्माते पायपर कबसारख्या टेलव्हील विमानांवर शिकलेले होते. त्यांच्यासाठी टेलव्हील ही विशेष मांडणी नव्हती, नेहमीचीच होती.

अपवादही उद्बोधक आहेत. बर्ट रुटान यांच्या १९७५ मधील ‘व्हेरीईझी’ आणि १९७९ मधील ‘लाँग-ईझी’ या विमानांत इंजिन मागे व छोटा पंख पुढे होता. अशा रचनेत शेपूटच नसल्याने नोजव्हीलखेरीज गत्यंतर नव्हते. ख्रिस हाइंट्झ यांचे १९८० च्या दशकातील झेनिथ सीएच-७०१ हे अत्यंत आखूड जागेत उतरणारे विमान मुख्यतः नोजव्हीलवर बांधले गेले. खडबडीत जमिनीसाठी टेलव्हीलच हवे, हा नियम निरपवाद नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. नाकाखालचा पाय पुरेसा दणकट आणि उतरण्याचा वेग पुरेसा कमी असेल, तर नोजव्हीलही अशा जमिनीवर चालते.

६. एकाच विमानाची दोन रूपे

निवडीचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या विमानांत. रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांचे एका आसनाचे आरव्ही-३ हे विमान १९७१ मध्ये उडाले. पुढे दोन आसनांची आरव्ही-४ आणि आरव्ही-६ ही विमाने आली. तिन्ही टेलव्हील मांडणीची होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आरव्ही-६ चे नोजव्हील रूप आरव्ही-६ए तयार झाले आणि तेव्हापासून ‘ए’ हे अक्षर या मालिकेत नोजव्हीलची खूण बनले. आरव्ही-७, ८, ९ आणि १४ ही विमाने दोन्ही रूपांत उपलब्ध झाली. २००३ मधील चार आसनांचे आरव्ही-१० आणि त्यानंतरचे हलके क्रीडाविमान आरव्ही-१२ मात्र केवळ नोजव्हीलवर आहेत. या मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने आजवर बांधून उडविली गेली आहेत. एकच पंख, एकच इंजिन, एकच निर्माता आणि दोन मांडण्या, अशी तुलनेची संधी विमानविद्येच्या इतिहासात क्वचितच मिळते.

या तुलनेतून काही गोष्टी निश्चित होतात. वेगातील फरक अत्यल्प, ताशी एक-दोन मैलांचा, आहे. वजनातील फरकही थोडाच आहे. कार्यक्षमतेचे जे कारण पिटेनपॉल यांच्या काळी निर्णायक होते, ते दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनापुढे गौण ठरले. दुसरी गोष्ट रचनेची आहे. आरव्ही-७ मध्ये टेलव्हील रूपाच्या मुख्य चाकांचे पाय इंजिनाच्या चौकटीला जोडलेले असतात. नोजव्हील रूपात ते धडात, मागील बाजूस बसतात आणि इंजिनाच्या चौकटीला नाकाखालचा पाय जोडला जातो. त्यामुळे निर्णय धडाची सामग्री मागविण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि नंतर तो बदलणे म्हणजे मोठी पुनर्बांधणी करणे होय. किटफॉक्ससारख्या काही विमानांत मांडणी बदलण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे, परंतु सर्वत्र तशी सोय नाही. विमान उडण्यास कित्येक वर्षे अवकाश असताना, ते कसे आणि कोठे उतरेल याचा निर्णय निर्मात्याला घ्यावा लागतो.

७. नोजव्हीलची मर्यादा

नोजव्हील म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही अनुभवाने पूर्णतः सिद्ध झाले नाही. दोन आसनांच्या अनेक आरव्ही विमानांच्या मूळ ‘ए’ रूपांत नाकाखालचा पाय म्हणजे लवचीक पोलादी दांडा असतो. मऊ किंवा खडबडीत जमिनीवर, अथवा नाकावर आदळून उतरल्यास, चाकाचा दुबेळका जमिनीत रुतून दांडा मागे दुमडल्याच्या आणि विमान उलटे झाल्याच्या घटना घडल्या. काचेच्या छताखाली उलटे अडकणे हा अपघात ग्राउंड लूपपेक्षा कितीतरी गंभीर होय. २००७ मध्ये कंपनीने जमिनीपासून अधिक अंतर देणारा सुधारित दुबेळका आणि त्यास अनुरूप पाय सुचविला. आरव्ही-१० मध्ये रबरी चकत्यांनी धक्का शोषणारी वेगळी योजना आहे.

या घटनांमागे केवळ रचनेचा दोष नव्हता. नोजव्हील विमान आपोआप सरळ होते, म्हणून वैमानिक त्याला जास्त वेगाने आणि नाक खाली ठेवून उतरवू लागतो. मुख्य चाकांवर टेकल्यानंतर नाक शक्य तितका वेळ वर धरून ठेवण्याची सवय सुटते. टेलव्हील विमानात ही चूक लगेच उसळीच्या रूपाने दिसते आणि शिकणारा तिच्यापासून धडा घेतो. नोजव्हीलमध्ये ती वर्षानुवर्षे पचते आणि एके दिवशी मऊ जमिनीवर एकदम उघडी पडते. टेलव्हील चुकीची शिक्षा लगेच पण बहुधा सौम्य देते, तर नोजव्हील ती क्वचित पण कधी कधी कठोरपणे देते.

८. भारतीय संदर्भ

भारतातील विमानबांधणीतही हे स्थित्यंतर दिसते. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात रचलेले एचटी-२ हे स्वदेशी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते टेलव्हील मांडणीचे होते. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी तयार झालेले ‘पुष्पक’ही तसेच होते. एचटी-२ नंतरचे एचपीटी-३२ ‘दीपक’ १९७७ मध्ये उडाले ते नोजव्हीलवर. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘हंस’ हे विमानही १९९३ मध्ये नोजव्हील घेऊनच उडाले. याच प्रयोगशाळेने १९८७ मध्ये रुटान यांच्या लाँग-ईझीवर आधारित हलके संशोधन विमान उडविले होते. हौशी निर्मात्यांसाठी केलेली रचना अशा प्रकारे भारतीय संशोधनापर्यंत पोचली.

महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. स्वनिर्मित विमान ही आता केवळ परदेशातील गोष्ट राहिलेली नाही. येथे निवडीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. भारतीय फ्लाइंग क्लबांत सेस्ना १५२ आणि १७२ सारख्या नोजव्हील विमानांवरच मुख्यतः प्रशिक्षण मिळत आले आहे. टेलव्हील विमान बांधणे अशक्य नाही, पण ते उतरविण्यास शिकविणारा प्रशिक्षक आणि त्यासाठी उपलब्ध विमान शोधणे कठीण आहे.

९. निवडीचे निकष

उपरोक्त इतिहासावरून निवडीसाठी काही निकष सुचविता येतात.

(अ) मैदान : विमान प्रामुख्याने कोठे उतरणार आहे? रुंद, गवताळ, वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल अशा मैदानावर टेलव्हीलचा मूळ मेळ आजही टिकून आहे. अरुंद, फरसबंद आणि बाजूचा वारा असलेल्या धावपट्टीवर नोजव्हीलचा लाभ मोठा आहे.

(आ) प्रशिक्षण : निर्मात्याला टेलव्हीलचे शिक्षण आणि नंतर नियमित सराव मिळणार आहे काय? विमान बांधण्यात हजार-दोन हजार तास जातात आणि त्या काळात उड्डाणाचा सराव बहुधा मागे पडतो. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी वैमानिकाचे कौशल्य नेमके सर्वांत मंदावलेले असण्याचा संभव असतो.

(इ) रचना : निवडलेल्या विमानाचा नाकाखालचा पाय कितपत दणकट आहे? दोन नोजव्हील विमाने सारखी नसतात, तशी दोन टेलव्हील विमानेही नसतात. चाकांमधील अंतर, धडाची लांबी आणि सुकाणूचा आकार यांवर त्यांचा स्वभाव ठरतो.

(ई) भावी वापर : हे विमान आणखी कोण उडविणार आहे, त्याचा विमा किती पडेल आणि पुढे ते कोण विकत घेईल, या व्यावहारिक बाबींचाही विचार करणे आवश्यक आहे.

देखणेपणाचा निकष या यादीत नाही. तथापि, तो प्रत्यक्षात प्रभावी असतो, हे नाकारता येत नाही. नाक वर करून उभे राहिलेले टेलव्हील विमान अनेकांच्या मनात ‘खऱ्या’ विमानाचे चित्र असते. आवडीला स्थान देण्यात गैर काही नाही, मात्र ती आवड आहे याची जाणीव निर्मात्याने ठेवली पाहिजे. जुन्या वैमानिकांचा अभिमान आणि नव्या वैमानिकांची भीती, दोन्ही तर्काचा वेष घेऊन येतात.

निष्कर्ष

टेलव्हील आणि नोजव्हील यांचा इतिहास हा जुन्याकडून नव्याकडे झालेल्या सरळ प्रगतीचा इतिहास नाही. दोन्ही मांडण्या विमानविद्येच्या आरंभापासून होत्या. कुरणाची जागा धावपट्टीने घेतली, तेव्हा टेलव्हीलची अस्थिरता उघडी पडली. कारखान्यांनी ती यंत्राच्या रचनेत बदल करून दूर केली. त्याबरोबर ती सांभाळण्याचे कौशल्यही वैमानिकांच्या सामान्य शिक्षणातून नाहीसे होत गेले.

जमिनीवरील धोका दोन ठिकाणी हाताळता येतो, यंत्रात किंवा माणसात. नोजव्हील तो बराचसा यंत्रात हाताळते, पण यंत्राच्या मर्यादेपलीकडे माणसाला बेसावध ठेवण्याचा संभव असतो. टेलव्हील तो माणसावर सोपवते आणि त्याने सतत तयार राहावे अशी मागणी करते. कारखान्याच्या विमानांत हा निर्णय ग्राहकाच्या वतीने पूर्वीच झालेला असतो. स्वनिर्मित विमानाच्या निर्मात्याला तो स्वतः घ्यावा लागतो आणि तोही बांधणीच्या प्रारंभीच.

म्हणून ‘कोणती मांडणी श्रेष्ठ?’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. आपल्या मैदानाला, आपल्या हाताला आणि विमान पूर्ण होईल त्या दिवशीच्या आपल्या सरावाला कोणती मांडणी झेपेल, असा प्रश्न निर्मात्याने स्वतःला विचारणे इष्ट ठरेल. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे हा विमानबांधणीचाच एक भाग आहे. ते उत्तर चुकल्यास अनेक वर्षांचे श्रम, आणि प्रसंगी प्राणही, उतरण्याच्या काही क्षणांत पणाला लागतात.